मिरी आणि पेशीचा पहारा

फतेहपुरी मशिदीच्या बाजूने खारी बावलीत शिरलं की आधी ठसका लागतो आणि मग दुकानं दिसायला लागतात. तोंडं उघडी टाकलेली सुंठ, पिंपळी आणि मिरीची पोती, डोक्यावर ओझं घेऊन ‘हटो, हटो’ करत घुसणारे पल्लेदार, आणि मुठीत मिरी घेऊन तिचा जडपणा जोखणारे व्यापारी. दाणा हलका लागला की माल बाजूला. दिल्लीच्या या मसाला बाजारातून निघालेली मिरी उत्तर भारतातल्या स्वयंपाकघरांत जाते हे उघडच आहे. पण हल्ली मिरीचा अर्क औषधांच्या दुकानातही मिळतो. नोएडातल्या कुठल्याही केमिस्टकडे हळदीच्या कॅप्सूलची डबी मागा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. कर्क्युमिनच्या खाली बहुतेक वेळा पायपरिनचं नाव असतं, मात्रा पाच-दहा मिलिग्रॅम. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : शोषण अनेक पटींनी वाढतं.

शोषण वाढतं, हे खरं. पण ते वाढतं म्हणजे शरीरात नेमकं काय बंद पडतं, हे डबीवर लिहिलेलं नसतं.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग दिल्लीशी जोडलेला आहे. २००२ साली ‘जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी अँड एक्स्पेरिमेंटल थेराप्युटिक्स’मध्ये एक शोधनिबंध आला. दिल्लीच्या एम्समधल्या औषधशास्त्र विभागाचे एस. के. गुप्ता आणि आर. के. भारद्वाज यांनी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या संशोधकांबरोबर केलेलं हे काम. माणसाच्या पेशींवर पहारा देणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाला मिरीतलं पायपरिन अडवतं, असं त्यांनी दाखवलं.

प्रयोग समजायला अवघड नाही. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या ‘काको-२’ नावाच्या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवतात. सुमारे तीन आठवड्यांत त्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि आतड्याच्या अस्तरासारखा थर तयार होतो. या थराची वरची बाजू म्हणजे आतड्याची पोकळी आणि खालची बाजू म्हणजे रक्त, असं धरायचं. आता हृदयविकारावरचं डिगॉक्सिन एका बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या बाजूला किती पोचतं ते मोजायचं. मग हेच उलट दिशेने करायचं. वास्तविक दोन्ही दिशांना सारखंच औषध जायला हवं. तसं होत नाही. खालून वर औषध भराभर जातं, वरून खाली मात्र रखडत. पेशींच्या वरच्या पृष्ठभागावर कुणीतरी बसलेलं आहे आणि आत शिरू पाहणारं औषध ते परत पोकळीत ढकलतं आहे. पायपरिन घातल्यावर हा फरक कमी होत गेला. डिगॉक्सिनच्या बाबतीत लिटरला १५.५ मायक्रोमोल एवढ्या पायपरिनने ही ढकलाढकली निम्म्यावर आली.

हा आकडा घरच्या मापात आणून पाहू. १५.५ मायक्रोमोल म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण साडेचार मिलिग्रॅम. मिरीचा वाळलेला दाणा ४५-५० मिलिग्रॅमचा, आणि त्यात पायपरिन पाच ते नऊ टक्के. म्हणजे एका दाण्यात दोन-अडीच ते साडेचार मिलिग्रॅम. पेलाभर पाण्यात एका दाण्याचं सगळं पायपरिन विरघळलं तर ती पातळी ओलांडली जाते. प्रत्यक्षात तसं घडत नाही. अख्ख्या दाण्यातून सगळं पायपरिन सुटत नाही, ते पाण्यात नीट विरघळतही नाही, आणि जेवणात मिसळलं की आणखी विरळ होतं. त्यामुळे कुणी साराच्या वाटीला घाबरायचं कारण नाही. अर्क काढून, शुद्ध करून कॅप्सूलमध्ये भरलेली मात्रा ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

हे पी-ग्लायकोप्रोटीन सापडलं ते कॅनडात. १९७६ साली टोरांटोमध्ये रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातल्या पेशींवर काम करत होते. त्यांनी त्या पेशी कोल्चिसिनमध्ये वाढवल्या. कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीच्या कंदात असतं ते विष. गाऊटवर औषध म्हणूनही ते अगदी थोड्या मात्रेत देतात. बहुतेक पेशी मेल्या. ज्या तगल्या त्या कोल्चिसिनलाच नव्हे, तर ज्यांच्याशी त्यांचा कधी संबंधही आला नव्हता अशा इतर विषांनाही दाद देईनात. या पेशींच्या पृष्ठभागावर सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचं, साखरेच्या साखळ्या चिकटलेलं एक प्रथिन भरमसाट प्रमाणात होतं, आणि पेशी जितकी चिवट तितकं ते जास्त. ग्लायकोप्रोटीन हे नाव त्या साखरेमुळे पडलं. गंमत अशी की साखर काढून टाकली तरी हे प्रथिन आपलं काम करतच राहतं. साखर त्याला टिकून राहायला मदत करते, एवढंच.

त्याचं काम उपसण्याचं. सुमारे १,२८० अमिनो आम्लांची एक लांब साखळी पेशीच्या पटलातून बारा वेळा आरपार जाते आणि मधे एक पोकळी तयार करते. पटलात शिरलेला, स्निग्धात विरघळणारा एखादा रेणू या पोकळीत सापडला की एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, प्रथिनाचा आकार बदलतो आणि रेणू बाहेर फेकला जातो. मोठ्या सोसायटीच्या फाटकावरच्या चौकीदारासारखं त्याचं वागणं आहे : येणारा चोर आहे की डॉक्टर, याच्याशी त्याला कर्तव्य नाही, ओळखीचा नाही ना, मग बाहेर. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन, यू वृक्षातलं पॅक्लिटॅक्सेल, कळलावीतलं कोल्चिसिन, डिजिटॅलिसमधलं डिगॉक्सिन, अशी त्याने हाकललेल्यांची यादी वाचली की वाटतं, प्राण्यांच्या शरीराने वनस्पतींच्या विषांशी चालवलेल्या फार जुन्या झुंजीतलं हे हत्यार असावं. आणि पायपरिन हेही एका वेलीनेच घडवलेलं रसायन आहे.

हे प्रथिन शरीरात कुठे कुठे बसलेलं असतं ते पाहिलं की त्याचा रोख कळतो. आतड्याच्या अस्तरात, यकृतात पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी, मूत्रपिंडात, गर्भाच्या वारेत, वृषणात आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीत. म्हणजे एक तर बाहेरचं आत येतं ती जागा, किंवा ज्याला काही झालं तर भरून निघत नाही ती जागा.

मेंदूवरचा हा पहारा किती महत्त्वाचा आहे हे काहीसं अपघातानेच उघड झालं. १९९४च्या आसपास आम्स्टरडॅममधल्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदीर दिसायला धडधाकट, त्यांना पिल्लंही होत होती. म्हणजे हे प्रथिन नसलं तरी चालतं की काय, अशी शंका यावी. मग पिंजऱ्यात गोचीड-कुळातल्या किड्यांचा उपद्रव झाला, म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिनचा फवारा मारला. साधे उंदीर ठीक राहिले, पण जनुक काढलेले जवळपास सगळे मेले. त्यांच्या मेंदूत साध्या उंदरांच्या तुलनेत जवळजवळ नव्वद पट आयव्हरमेक्टिन साठलं होतं. आयव्हरमेक्टिन माणसांना आणि जनावरांना सुरक्षित वाटतं, कारण फाटकावरचा पहारा त्याला मेंदूत शिरू देत नाही. कोविडच्या काळात हेच औषध लोकांनी पेपरमिंटच्या गोळीसारखं खाल्लं, तेव्हा ही बाब किती जणांच्या कानावर होती कोण जाणे.

कॉली जातीच्या कुत्र्यांची कहाणी अशीच आहे. आयव्हरमेक्टिन दिलं की काही कॉली लटपटतात, बेशुद्ध होतात, मरतातही. २००१ साली अमेरिकेत कॅट्रिना मीली यांच्या गटाने त्याचं कारण दाखवलं : या कुत्र्यांच्या त्याच जनुकातून चार अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे प्रथिन अर्धवटच बनतं. गुरुग्राममध्ये आता विलायती जातींची कुत्री पुष्कळ पाळली जातात. गोचिडांवरचं इंजेक्शन देण्याआधी कुत्र्याची जात विचारणारा पशुवैद्य मिळाला तर त्याला धरून ठेवावं.

माणसांवरचा एक प्रयोग त्याहून बोलका आहे. जुलाब थांबवायला आपण घेतो ते लोपेरामाइड हे अफूच्या जातकुळीतलं औषध. ते आतड्यावर काम करतं, पण नशा चढवत नाही, कारण मेंदूच्या दारावरून पी-ग्लायकोप्रोटीन त्याला परत पाठवतं. २००० साली निरोगी स्वयंसेवकांना लोपेरामाइडबरोबर क्विनिडीन दिलं. क्विनिडीन हे सिंकोनाच्या सालीतलं, क्विनाइनचं भावंड, आणि पी-ग्लायकोप्रोटीनचा कट्टर रोधक. स्वयंसेवकांचा श्वासोच्छ्वास मंदावला. लोपेरामाइडची मात्रा तीच होती. फक्त दारावरचा पहारा उठला होता.

या प्रथिनाला अडवण्याची कल्पना मुळात कर्करोगाच्या उपचारातून आली. केमोथेरपीला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये हा उपसा जोरात चालतो हे कळल्यावर तो बंद करायचा विचार स्वाभाविकच होता. १९८१ साली जपानमध्ये ताकाशी त्सुरुओ यांनी दाखवलं की रक्तदाबावरचं व्हेरापामिल घातलं की व्हिन्क्रिस्टीनला न जुमानणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी पुन्हा मरू लागतात. उत्साहाचं उधाण आलं. पण परीक्षानळीत उपसा थांबवायला जेवढं व्हेरापामिल लागतं तेवढं माणसाला दिलं तर हृदयच कोलमडतं. मग सायक्लोस्पोरिन आणि त्याचं सुधारित रूप व्हाल्स्पोडार. व्हाल्स्पोडारने उपसा थांबवला, पण केमोथेरपीचं औषध शरीराबाहेर जाणंही मंदावलं. मग त्या औषधाची मात्रा कमी करावी लागली आणि फायदा गेला. पुढच्या पिढीतल्या टारिक्विडारच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचण्या २००३ मध्ये थांबवल्या गेल्या. झोसुक्विडारचा वयस्कांमधल्या तीव्र रक्तकर्करोगावरच्या चाचणीत उपयोग झाला नाही. तो निकाल २०१० मध्ये छापून आला.

अपयशाची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. कर्कपेशीजवळ उपसा करणारी इतरही प्रथिनं असतात. एक बंद केलं तर दुसरं काम सांभाळतं. काही अर्बुदांचा चिवटपणा उपशामुळे नसतोच. पण माझ्या मते खरी अडचण साधीच आहे : जे प्रथिन कर्कपेशीला वाचवतं तेच अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना, आतड्याला आणि मेंदूला वाचवतं. रोधकाला ‘फक्त त्या गाठीतलं बंद कर’ असं सांगता येत नाही.

कर्करोगाच्या डॉक्टरांचे हे प्रयत्न सुरू व्हायच्या सुमारास जम्मूत एक निराळाच विचार आकार घेत होता. तिथल्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आताची भारतीय एकात्मिक वैद्यक संस्था) सी. के. अटल आणि उषा झुत्शी यांना आयुर्वेदातल्या त्रिकटूबद्दल कुतूहल होतं. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकूट निम्म्याहून अधिक योगांत का असावं? १९२०च्या दशकातही कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं की अडुळशाबरोबर पिंपळी दिली की दम्यावरचा त्याचा गुण वाढतो. अटल यांनी १९७९च्या सुमारास असं मांडलं की ही द्रव्यं स्वतः रोगावर काम करत नसतील. ती दुसऱ्या औषधाला रक्तात पोचायला मदत करत असतील. पुढे त्यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना रोज २० मिलिग्रॅम पायपरिन आठवडाभर देऊन पाहिलं. प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलिन या औषधांची रक्तातली पातळी वाढली होती. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून आलेल्या निबंधाने तर धमाल उडवली : दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन घेतलं की त्याची जैवउपलब्धता २,००० टक्के वाढते. हळदीच्या डबीवरची मोठी अक्षरं बहुतेक याच निबंधातून उतरलेली आहेत. तिथे एक गोष्ट सांगायची राहते : नुसतं कर्क्युमिन रक्तात इतकं नगण्य पोचतं की वीस पट होऊनही ते थोडंच राहतं.

ही वाढ फक्त पी-ग्लायकोप्रोटीनला अडवल्याने होत नाही. त्याच २००२च्या निबंधात एम्स-श्टुटगार्टच्या गटाने दाखवलं होतं की यकृतात आणि आतड्याच्या पेशींत औषधांचा चुराडा करणारं सीवायपी-३ए-४ हे विकरही पायपरिन मंदावतं. एकाच जागी बसलेल्या दोन पहारेकऱ्यांना एकच दाणा अडवतो. अनेक औषधं या दोघांचंही लक्ष्य असतात. म्हणूनच हा दुहेरी परिणाम महत्त्वाचा.

जम्मूच्या कल्पनेतून एक गोळीही निघाली. कॅडिला फार्मास्युटिकल्सबरोबर तयार केलेली रिसोरीन २००९च्या सुमारास बाजारात आली. हे क्षयरोगाचं औषध : रिफॅम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३००, पायपरिन १०. एरवी ४५० मिलिग्रॅम लागणारं रिफॅम्पिसिन निम्म्याहून कमी केलं आणि रक्तातली पातळी तीच राखली, असा दावा. दिल्लीतल्या औषध महानियंत्रकांनी परवानगी दिली. क्षयाचं एवढं ओझं असलेल्या देशात औषधाची मात्रा निम्म्यावर आणणारी गोळी, त्यातून मिरीच्या अर्काने, म्हटल्यावर कौतुक होणारच.

पण सरकारी क्षयरोग कार्यक्रमातल्या चार औषधांच्या गोळीत पायपरिन नाही. त्या गोळीत रिफॅम्पिसिन १५०, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असतं, आणि रुग्णाच्या वजनाप्रमाणे गोळ्या वाढवतात. शिवाय गेल्या काही वर्षांत क्षयरोगाच्या जागतिक संशोधनाचा रोख उलट्या दिशेला गेला आहे : रिफॅम्पिसिनची किलोमागे १० मिलिग्रॅम ही जुनी मात्रा कमी पडते का, ३५ पर्यंत वाढवली तर जंतू लवकर मरतात का, असे प्रश्न विचारले जात आहेत. तेव्हा ‘कमी औषधात काम’ हा गुण क्षयाच्या बाबतीत खरंच गुण आहे का, याचा निकाल अजून लागलेला नाही. त्यातून रिफॅम्पिसिन स्वतः अतिशय आगळं औषध. काही दिवस घेतलं की ते पी-ग्लायकोप्रोटीन उलट वाढवतं. श्टुटगार्टच्याच गटाने १९९९ मध्ये दाखवलं होतं की रिफॅम्पिसिन घेतलेल्या स्वयंसेवकांच्या आतड्यात हे प्रथिन साडेतीन पट झालं आणि डिगॉक्सिन कमी पोचलं. एका गोळीत पहारा वाढवणारं औषध आणि पहारा ढिला करणारा अर्क, दोन्ही. हे किती दिवस एकमेकांना तोलत राहतील?

दिल्लीतच पी-ग्लायकोप्रोटीनच्या कुळातल्या दुसऱ्या एका उपसा करणाऱ्या प्रथिनावर मोठं काम झालं आहे, आणि ते प्रथिन माणसाचं नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राजेंद्र प्रसाद यांनी बेल्जियमच्या आंद्रे गॉफो यांच्याबरोबर कँडिडा अल्बिकन्स या बुरशीतलं सीडीआर-१ हे जनुक वेगळं काढलं. तो निबंध १९९५ चा. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा देतं ते माणसाच्या पी-ग्लायकोप्रोटीनचं लांबचं भाऊबंद आहे. बुरशीच्या पेशीत शिरलेलं फ्लुकोनाझोलसारखं औषध ते बाहेर फेकतं. प्रसाद पुढे गुरुग्रामजवळच्या अमिटी विद्यापीठात गेले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की कर्क्युमिन या बुरशीच्या पंपाला अडवतं आणि मग बुरशीनाशक औषधाचा जोर वाढतो. दिल्लीला या प्रश्नाची निकड आहे. २०१३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी यांनी इथल्या रुग्णांत कँडिडा ऑरिसचा नवा वाण नोंदवला. फ्लुकोनाझोलला दाद न देणारी ही बुरशी आता जगभरच्या अतिदक्षता विभागांची डोकेदुखी आहे. बुरशीचा पंप थांबवेल पण माणसाचा चालू ठेवेल असा रेणू मिळाला तर सोनं. कर्करोगाच्या डॉक्टरांपुढे होती तिच्यापेक्षा ही वाट जरा सोपी वाटते, कारण इथे दोन पंप निदान वेगवेगळ्या जीवांचे आहेत.

पुन्हा त्या कॅप्सूलकडे येऊ. घरातले आजोबा डिगॉक्सिन घेतात. या औषधाची रक्तातली उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत फारसं अंतर नसतं. जरा जास्त झालं की मळमळ, पिवळं दिसणं, नाडी मंदावणं. क्विनिडीन सोबत दिलं की डिगॉक्सिनची पातळी दुप्पट होते हे डॉक्टरांना १९७८ पासून ठाऊक होतं. त्यामागे पी-ग्लायकोप्रोटीनला अडवणं आहे, हे मार्टिन फ्रॉम यांनी १९९९ मध्ये दाखवलं. हेच फ्रॉम तीन वर्षांनी एम्सच्या मंडळींबरोबर पायपरिनच्या निबंधात आहेत. गाऊटवर कोल्चिसिन घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्याने विषबाधा झाल्याचे दाखले वैद्यकीय साहित्यात आहेत. तिथेही हेच दोन पहारेकरी अडतात. प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणारे, रक्त पातळ करणारं डाबिगॅट्रान घेणारे, यांच्या औषधांची गणितं अशीच नाजूक आहेत. त्यात कुणी ‘आयुर्वेदिकच आहे, काय होतंय’ म्हणून रोज पायपरिनची कॅप्सूल घेतली तर डॉक्टरला सांगतो का? बहुधा नाही. आपल्याकडे डॉक्टर ‘औषधं कोणती चालू आहेत’ विचारतात. पूरक आहार म्हणून विकली जाणारी डबी कुणाला औषध वाटतच नाही. या डब्या खाद्यपदार्थ म्हणून नोंदवल्या जातात, त्यामुळे त्यांवर औषधासारखा इशारा क्वचितच असतो.

अगदी अलीकडे हाच विचार नव्या रूपात आला. पॅक्लिटॅक्सेल शिरेतूनच द्यावं लागतं, कारण तोंडाने घेतलं तर आतड्यातलं पी-ग्लायकोप्रोटीन ते परत ढकलतं. म्हणून एन्सेक्विडार नावाचा रोधक घडवला गेला. तो स्वतः रक्तात जवळजवळ शोषला जात नाही. आतड्यातला पहारा उठवतो आणि मेंदूवरचा तसाच राहू देतो. जम्मूत त्रिकटूकडे पाहताना जे सुचलं होतं, त्याला नेमकी जागा ठरवून दिलेली. स्तनाच्या कर्करोगात गोळीने गाठी शिरेतल्या औषधापेक्षा जास्त रुग्णांत आटल्या. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी परवानगी नाकारली : गोळी घेणाऱ्यांमध्ये पांढऱ्या पेशी घटण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि गाठी आटल्याचं मोजमाप कसं केलं याबद्दल त्यांना शंका होत्या. गोळी बनवणाऱ्या अथेनेक्स कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.